जाड काच

हा जाड ग्लास हातात आला ना, की कामतघरचा यंत्रमागवाला शेठ आठवतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा इमारती तपासणारा इंजिनिअर. त्याच्या माळ्यावर लूम धडधडायचे, भिंतीला तडा गेलेला. मी तड्यावर आडवी, पातळ काचपट्टी चिकटवली. म्हटलं, "भिंत सरकली की ही फुटेल. फुटली की लूम बंद, माणसं खाली!"

महिन्याने गेलो, तर शेठ खुशीत. "साहेब, तुमची काच एकदम कच्ची! आठवड्यात फुटली. मी जाड बसवली. बघा, कुछ नहीं हुआ!"

"अहो, आधी माणसं उतरवा!"

"शिफ्ट तर सुटू द्या."

शिफ्ट सुटायच्या आतच भिंत कोसळली. ढिगाऱ्यातून माणसं काढताना ती जाड काच हाती लागली. तिला साधा तडाही नव्हता.