दगडी योद्ध्याचं नवं नाक

मुलांना संग्रहालयात न्यावं म्हणता, तर आमच्या चंद्रपूरच्या उन्हाळी शिबिरात काय झालं ते आधी ऐका. मी तिथं चित्रकलेचा मास्तर होतो. मातीकामाच्या दिवशी संग्रहालयात नेऊन मी पोरांना एवढंच सांगितलं, की समोरच्या जुन्या मूर्ती बघा आणि तशाच मातीच्या करा. मग पाणी आणायला बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर नऊ वर्षांची शबाना स्टुलावर उभी, आणि नाक तुटलेल्या दगडी योद्ध्याला मातीचं नवं कोरं नाक!

"हे काऊन केलं गं?"

"सर, तुटलं होतं ना. मी जोडून देलं."

संग्रहालयाच्या बाई माझ्यावरच कडाडल्या, "हिच्या घरचं कोणी येऊन हिला समज देत नाही, तोवर तुमचं शिबिर बंद!"

शबानाचे वडील घरोघरी प्लास्टरचं काम करायचे. निरोप मिळताच ते सायकल दामटत आले. मूर्ती त्यांनी दोन्ही बाजूंनी नीट पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"लय मोठी चूक झाली, बाई."

बाई निवळल्या. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. मग ते पोरीवर ओरडले, "एवढं मोठं नाक असते का? मले काऊन नाई विचारलं?" आणि बाईंना अदबीनं म्हणाले, "माती सुकली का तडकते. उद्या मी सिमेंट घेऊन येतो."

ते नाक मी तिथल्या तिथं ओल्या फडक्यानं पुसून काढलं. शिबिर वाचलं, पण उरलेलं सगळं मातीकाम बाईंनी आम्हाला अंगणात करायला लावलं. मे महिन्यात, चंद्रपुरात!