मालक मयत, सबब परत

बसा हो वकीलसाहेब, असे एकदम उठू नका. ऐकलंत ते बरोबर ऐकलंत — हफ्सा नजमुद्दीन म्हणजे मीच. जिच्या मरणाचा दाखला काढायला तुम्ही पनवेलहून म्हसळ्यापर्यंत आलात, ती. समोरच्या खतिजाला तुम्ही विचारलंत ना, हफ्साबाई कुठल्या साली वारल्या, दोन साक्षीदार मिळतील का — आणि ती म्हणाली समोरच्या घरात विचारा. मस्करी नाही केली तिने. बिचारीला दुसरं काय सुचणार? मी आत मासे साफ करत होते, तुमचं सगळं बोलणं कानावर येत होतं. सरबत घ्या, कोकमाचं आहे. मेलेल्या बाईच्या हातचं आहे म्हणून घशाखाली उतरत नाही की काय? घ्या, घ्या.

ती फाईल द्या इकडे. द्या हो, मी खाणार नाही तिला. वाचता येतं मला, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मास्तरीण होते, मराठीही वाचते आणि इंग्रजीही. हं. 'माझी प्रथम पत्नी हफ्सा ही अंदाजे बारा वर्षांपूर्वी मौजे म्हसळा येथे मयत झाली असून' — अंदाजे. शब्द बघा. बायको अंदाजे मेली. खाली सही त्याचीच आहे, तो 'न' अजून तसाच काढतो, शेपूट ओढून. आणि नगरपंचायतीत मरणाची नोंदच सापडेना, म्हणून आता उशिराची नोंद करायची, त्याला प्रांतांचा हुकूम आणायचा, हुकमासाठी दोन साक्षीदार, मग दाखल्यावर परदेशात चालतो तो अपोस्टिलचा शिक्का, मग तुर्की भाषेत तर्जुमा — एवढा सगळा खटाटोप. बरोबर ना? आमची लेक महनूर शारजाला अशाच एका ऑफिसात आहे, लोकांचे कागद करते. मघाशी तुम्ही खतिजाशी बोलत होतात तेव्हाच मी तिला फोन लावला. तिने पाच मिनिटांत सगळं समजावलं.

तुम्हाला त्याने काय सांगितलं माहीत नाही, मी माझं सांगते. आमचं लग्न झालं तेव्हा मी वीस वर्षांची, तो चोवीसचा. जहाजावर खलाशी होता. देखणा होता — हो, ते खोटं कशाला बोलू. महनूर दोन वर्षांची असताना इंग्लंडात उतरला, ब्लॅकबर्नला, तिथे आपली कोकणातली बरीच माणसं आहेत. बस चालवायचा. दर पत्रात एकच ओळ — तुझे पेपर चालू आहेत. माझा पासपोर्ट काढला, फोटो काढले, कान दिसले पाहिजेत म्हणून दुपट्टा मागे सारून पुन्हा काढले. पेपर चालूच. महनूर अंगणवाडीत होती तेव्हा चालू, दहावी झाली तेव्हा चालू, तिचं लग्न ठरलं तेव्हाही चालू. मी विचारलं, अर्जाचा नंबर तरी कळव, मी मुंबईला जाऊन चौकशी करते. तर म्हणे तुला नाही कळायचं. पोरांना मी अर्ज कसा लिहावा ते शिकवत होते, आणि मला नाही कळायचं.

सासू गेली तेव्हा आला शेवटचा. नऊ दिवस राहिला. तेव्हा त्याचा पासपोर्ट लाल होता, इंग्रजांचा. मी उघडून बघितला तर त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला — ओढला नाही हां, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातून काचेचा पेला घ्यावा तसा. मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही. नंतर कोणीतरी सांगितलं, डेपोच्या कँटीनमधली एक बाई आहे, जॅनेट. रिटायर झाल्यावर दोघं तुर्कस्तानात गेली, समुद्राकाठी घर घेतलं. तिथे इंग्रज लोक पुष्कळ राहतात म्हणे, ऊन असतं, स्वस्ताई असते. ऊन. ऊन काय म्हसळ्यात नव्हतं?

आणि आता त्याला लग्न का करायचंय ते तुम्ही सांगितलं नाहीत, महनूरने सांगितलं. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, असं खतिजाला तुम्हीच म्हणालात ना? मग हॉस्पिटलात विचारलं असेल, ही बाई तुमची कोण? काय सांगणार — सोबत राहते? तिथे राहायचं कार्ड दोघांचं वेगवेगळं, त्याच्या कार्डावर हिला राहता येत नाही, कारण कागदावर ही त्याची कोणीच नाही. घर एकट्याच्या नावावर. आणि त्या मुलखातलं घर त्या मुलखाच्या कायद्याने जातं, इंग्लंडात मृत्युपत्र करून ठेवलं तरी बायकोचा नि मुलांचा वाटा काही सगळा तोडता येत नाही. उद्या त्याचं बरंवाईट झालं तर ती बाई पिशवी घेऊन रस्त्यावर. म्हणून लग्न. पण तिथली नगरपालिका विचारते, आधीची बायको आहे का? असली तर दुसरं होत नाही, तिथे दोन चालत नाहीत. म्हणून मला मारायचं. तर तुम्ही त्याला सांगा, की हफ्सा कोर्टात जाणार आहे. खोटं प्रतिज्ञापत्र केलं म्हणून. इंग्रजांच्या वकिलातीतही असंच खोटं लिहून दिलं असणार, तिथेही कळवणार आहे. महनूर मेल लिहून देईल. जिवंत बायकोला मयत दाखवणं हा गुन्हा आहे की नाही? आहे ना? मग झालं तर. म्हातारपणी त्या उन्हात बसून खुलासे लिहीत बस म्हणावं.

काय? कसला पुरावा? दाखवा. पाकीट कुठलं —

हे त्याने जपून ठेवलं? बारा वर्षं?

थांबा, चष्मा पुसू द्या. हो, हे रावजीचंच अक्षर. आमचा पोस्टमन. 'मालक मयत, सबब परत.' पत्राचा मालक, म्हणजे मी. हे नवऱ्याने पुरावा म्हणून दिलंय तुम्हाला? अच्छा. तर म्हणून 'अंदाजे बारा वर्षं'. मला वाटलं होतं फेकून दिलं असेल.

सांगते. तुम्ही लिहून घेऊ नका हां, पेन खाली ठेवा. हे रजिस्टर इंग्लंडातल्या वकिलाकडून आलं होतं. पाकीट बघूनच मी समजले आत काय आहे. नवऱ्याचं पत्र असतं तर हाताने लिहिलेलं असतं. हे छापील होतं. आत तलाक, आणि माझी सही घ्यायची पोचपावतीवर. रावजी दारात उभा, म्हणाला, "सही करा मास्तरीणबाई, मला पुढे पाभऱ्याला जायचंय." मी म्हटलं, "रावजी, यावर लिही, मालक मयत." तो म्हणाला, "बाई, जित्या माणसाला मी मयत कसा लिहू? नोकरी जाईल माझी. नाकारलं असं लिहितो." मी म्हटलं, "नाकारलं नको. मयत लिही." त्याच्या पोरीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज मीच भरले होते, त्याने पिशवी खाली ठेवली. मी रडत नव्हते, तेच त्याला जास्त वाईट वाटलं असेल. या ओट्यावर बसून त्याने लिहिलं. बिचारा आता नाही, म्हणून सांगते. त्याचं नाव तुम्ही कुठे काढायचं नाही.

का म्हणजे? — मला बघायचं होतं. बायको मेली म्हटल्यावर तरी येतो का. नाही आला तर नाही, एवढा प्रवास, पण फोन? महनूरचा नंबर होता त्याच्याकडे. आई गेली त्या पोरीची — बाप एक फोन करेल ना? कशी गेली विचारेल, कुठे दफन केलं विचारेल. मी हिशोब केला, पाकीट परत जायला पंधरा दिवस, तीन आठवडे धरा. मग चाळीस दिवस मी महनूरला रोज विचारत होते, कोणाचा फोन? रोज. तिला वाटलं आईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिला मी कधी सांगितलंच नाही. आज पहिल्यांदा कोणाला सांगतेय, आणि सांगतेय तेही त्याच्याच वकिलाला. निसर्ग वादळात घराचं छप्पर गेलं, मागच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, सगळ्यांच्या परदेशातल्या माणसांचे फोन आले. मेलेल्या बाईला कोण करतो?

काय म्हणालात? — म्हणजे त्याने खोटं लिहिलं नाही, असं म्हणायचंय तुम्हाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. पाकीट आहे, सरकारी शेरा आहे. आणि तो शेरा मी लिहवून घेतला. हं. हुशार आहात. तुम्हाला कोर्टात हेच पुरेल, नाही? मी आपल्याच तोंडाने तुमची केस करून दिली.

हरकत नाही. नका करू तोंड एवढंसं, तुम्ही काय, पोटासाठी फिरता. नको तर नको कोर्ट.

काय कागद आहे तो? वाचा तुम्हीच. — मुबारात. दोघांच्या मर्जीने सुटका. म्हणजे दोन्ही कागद घेऊन निघाला होतात, मेली असेल तर हा, जिवंत असेल तर तो? नाही? आत्ता ओट्यावर बसून लिहिलात? शाबास. सही केली की मी मोकळी, तो मोकळा, बदल्यात तुर्कस्तानातल्या घरातला हिस्सा. मला समुद्राकाठचं घर दाखवताय, वकीलसाहेब? मी नाही करणार. घर नको, हिस्सा नको, सही नाही. मला एकसष्टावं चालू आहे, साखर नाही, दाब नाही, माझी आई ब्याण्णव वर्षं जगली. तेवढी वर्षं ती जॅनेट हॉस्पिटलच्या बाकावर बसेल आणि नर्स विचारेल, तुम्ही कोण. दर वेळी कार्ड संपलं की रांगेत उभी राहील, दर वेळी एक कागद कमी पडेल. तिने माझं काय केलं? काही नाही, मला ठाऊक आहे. तिला कदाचित माझं नावही माहीत नसेल. पण तिच्या घरात पेपर चालू आहेत म्हणून सांगणारा माणूस आहे, तर ते शब्द तिनेही ऐकावेत. मला पंचवीस वर्षं ऐकवले.

पाप लागेल तर लागेल. ते मी आणि माझा अल्ला बघून घेऊ.

हे घ्या. झेरॉक्स आहे, ठेवा तुम्ही. हयातीचा दाखला. आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात बँकेत द्यावा लागतो, माणूस जिवंत आहे म्हणून. मॅनेजरची सही आहे, शिक्का आहे. याचा तुर्की तर्जुमा करून घ्या, त्या अपोस्टिलवाल्याकडूनही शिक्का मारून घ्या आणि पाठवा त्याला. वर काही लिहू नका. त्याला बोलायचं असेल तर नंबर महनूरचाच आहे, तोच जुना, तिने बदललेला नाही.

आणि एक. तुम्ही त्याच्याशी बोलला असाल ना, त्या व्हिडिओवर? तुम्ही विचारलं असेल, पत्नी कशा वारल्या — वकील विचारतातच. तेव्हा तो काय म्हणाला? म्हणजे शब्द नकोत मला. आवाज कसा होता. थांबला का थोडा? की पत्ता सांगावा तसा सांगितलं?

बोला ना. मघापासून तर बोलत होतात.

…असू दे. निघा आता, पाच वाजताची गाडी चुकेल तुमची. फाटक ओढून घ्या, गुरं शिरतात.