गाढवाच्या पोटातला बूट

(सफोकमधली एक हवेली. गावातली म्हातारी थर्झा अंडी घेऊन आली आहे. धाकट्या मालकीणबाई सोफिया भिंतीवरच्या चित्रासमोर उभ्या आहेत.)

थर्झा : हे चित्र सतराशे एक्कावन्नचंच, बाईसाहेब. त्या साली गवत उशिरा कापलं, म्हणून पक्कं ध्यानात आहे.

सोफिया : मग आत्ता या गाढवाच्या पोटातून बूट कुठून आला? जुना रंग पातळ होऊन खालचं दिसायला लागतं म्हणे. उद्या लंडनहून माणूस येतोय झाकायला.

थर्झा : अगं बाई! एमॉसचा की हा! टाच बघा कशी झिजलीय.

सोफिया : तुमचा नवरा? गाढवाच्या पोटात?

थर्झा : आधी तोच होता तिथे, झाडाखाली आडवा. चित्रकार म्हणाला, ‘गड्या, जरा पड, चित्राला स्वस्थपणा येईल.’ वर बिअर पाजली. हा पडला तो घोरायलाच लागला.

सोफिया : मग?

थर्झा : चित्र इथे लागलं. पाहुणे हसले, ‘तुमचे गडी मजेत आहेत की!’ झालं. लाल बंडी साऱ्या गावात एमॉसचीच. तुमचे सासरे म्हणाले, ऐन कापणीत झोपतो? घर खाली कर. माझ्या पोटात तेव्हा नॅन.

सोफिया : एमॉसनं खरं सांगितलं नाही?

थर्झा : सांगितलं की. पण गड्याच्या शब्दाला विचारतो कोण? शेवटी मीच भेटीला एक बदक काखेत मारून इप्सविचला, चित्रकाराच्या घरी गेले. त्याला म्हटलं, तुम्ही निजवलंत, तुम्हीच उठवा. तो म्हणाला, उठवता येत नाही बाई, झाकता येतं. आला आणि वर गाढव चढवलं.

सोफिया : तेवढ्यावर भागलं?

थर्झा : भागलं. दिसेना, म्हणजे झोपला नाही! गुत्त्यात मात्र लोक त्याला बघून गाढवासारखे ओरडायचे. हा त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायचा.

सोफिया : आणि तो चित्रकार?

थर्झा : बाथ शहरी गेला, बड्या बायकांची तोंडं रंगवून गब्बर झाला. तुमचे सासरे चर्चमध्ये संगमरवराखाली आहेत. नॅन नॉरिचला, विणकराच्या घरी दिली. एमॉस चर्चच्या बाहेर, भिंतीकडेला पुरलाय. नावाची लाकडी फळी लावली होती, ती कुजली.

सोफिया : थर्झाबाई, थांबलो तर आणखी काही वर्षांनी चेहराही वर येईल ना?

थर्झा : तोंडावर टोपी होती, बाईसाहेब. ऊन लागतं म्हणून. हा बूटच काय तो.

सोफिया : त्या लंडनच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवते.

थर्झा : बरं. अंडी कुठे ठेवू?