एक जूनचा मार

...नाही हो, दारावर आपटून नाही सुजला हा डोळा! वल्ह्यानं सुजलाय, बाबांच्या वल्ह्यानं! तुमाला सांगतो, होडी विकली, खाडी सुटली, मेंदूच्या आजारात गोटीराम हा माणूस पोटच्या पोराला विसरला, पण वल्हं कसं हाणायचं ते नाही विसरला! रोज सकाळी मला बघतात नि, "कोन र तू? माज्या घरान घुसतंस?" ...फाट्! अहो बाबा, मी प्रितेश! "कोन प्रितेश?" ...फाट्! माझ्या बायकोला नाही मारत हां, रुतिकाला प्रेमानं विचारतात, "पोरी, चोर गेला काय?" आणि मार कोण खातो? मी!

बरं, नोकरी कसली माझी? ह्याच आजाराची! बेलापूरला एका संशोधन संस्थेत समन्वयक. पाच देशांच्या सरकारांनी पैसा एकत्र आणायचा, नवं औषध तपासायचं, आपल्याकडचे वीस पेशंट घ्यायचे. डॉक्टरांनी यादीत बाबांचं नाव घातलंय. अट एकच, काम सुरू होईल त्या दिवशी वयाची पंचाहत्तर पूर्ण झालेली नकोत. बाबा आत्ता चौऱ्याहत्तरचे. म्हणजे काय, फक्त पाच सह्या! त्याला तीन वर्षं झाली!

देशांची नावं घेत नाही, नोकरी आहे. चष्मेवाल्या बाई म्हणतात, "आमचं आर्थिक वर्ष जानेवारीत." टकलू म्हणतो, "आमचं एप्रिलमधे." तिसऱ्याचा पैसा ऑक्टोबरशिवाय सुटत नाही, चौथ्याचं सरकारच पडलंय, आणि पाचवे आपले दिल्लीचे नंदकुमार साहेब, "प्रितेश, फाईल ऊपर गयी है." अरे किती वर? आणि सगळ्यांचं एक मात्र सेम, आमचा पैसा आमच्याच शास्त्रज्ञाला, आमच्याच उंदराला! अहो, आजार काय पासपोर्ट बघून येतो? ते तिकडे कॉफी पितात, आणि इकडे करावे गावात मार कोण खातो? मी!

मे महिन्यात शेवटची मीटिंग, मी घरून. स्क्रीनवर पाच तोंडं तारखेवरून भांडतायत, एवढ्यात बाबा वल्हं घेऊन हजर! "पाच चोर पेटीन बसलं र!" पहिला फटका लॅपटॉपला, तो कसाबसा वाचला, दुसऱ्यात टेबलफॅनचा चेंदामेंदा, तिसरा माझ्या पाठीत, चष्मेवाल्या बाई किंचाळतायत, टकलू विचारतोय, "हा कुठला विभाग?" आणि चौथा... डोळ्यावर! मी बोंबललो, "एक जून! एक जूनला सुरू करा, नाहीतर मी मरतो!"

पाचही तोंडं आपापली कॅलेंडरं बघायला लागली.

"एक जून... चालेल," बाई म्हणाल्या. टकलूला चाललं. पाचही देशांना चाललं! तीन वर्षांत जमलं नाही ते चार फटक्यांत जमलं! मी रक्ताळल्या तोंडानं नाचलो हो. रुतिका डोळ्यावर हळद लावता लावता म्हणाली, "प्रितेश, बाबांच्या आधारवर जन्मतारीख काय आहे रे?"

...एक जून.

येसूआत्या शपथेवर सांगते, बाबा नारळी पुनवेचे. पण शाळेत गुरुजींनी पोरांची अख्खी रांग बसवली नि एक जूनला जन्माला घातली! तीन वर्षं बाबांचे फॉर्म भरून तीच तारीख माझ्या जिभेवर, आणि मी गाढव तीच ओरडलो! त्याच दिवशी बाबांची कागदावर पंचाहत्तर पूर्ण. बाद!

नंदकुमार साहेबांना फोन केला, साहेब, एकतीस मे करा, एकच दिवस! "प्रितेश, तारीख बदलायला पाचही देशांची पुन्हा सहमती लागेल." म्हणजे अजून तीन वर्षं. तेव्हा बाबा कुठे असतील, मी कुठे... जाऊ दे. रडलो हो. हापिसच्या जिन्यात बसून रडलो.

घरी आलो, कोपऱ्यातलं वल्हं उचललं, स्वतः बाबांच्या हातात दिलं नि पाठ करून उभा राहिलो. म्हटलं, हाणा. आज मी खरंच चोर आहे. डोळे मिटले. वाट बघतोय...

पाठीवर हात फिरला. "कोन र तू? बस. जेवलास काय?"

आता बोला! एवढ्या वर्षांत एकदाच माझा हक्काचा मार होता... तोही मंजूर नाही झाला!