अकरावी ओहोटी

(स्पेनमधल्या गालिसियाच्या किनाऱ्यावरचं एक स्वयंपाकघर. एर्मितास आंधळ्या सासूला सूप भरवते आहे. शेजारीण दोसिंदा चिखलाच्या बुटांनिशी थेट आत.)

दोसिंदा : चमचा ठेव आधी. तुझा शिंपल्यांचा परवाना बचावला.

एर्मितास : बूट काढ. आणि थट्टा नको. दहा ओहोट्या बुडाल्यात माझ्या. उद्याची अकरावी बुडाली की शिंपल्या खणणं बंद, नियमच आहे.

दोसिंदा : नियम बदलला, बाई. आत्ता, आपल्या खणणाऱ्या बायकांच्या संघाच्या बैठकीत. एकोणचाळीस जणी बाजूनं, तिघी विरुद्ध.

एर्मितास : कीव आली असेल त्यांना. मला नको ती भीक.

दोसिंदा : ओबदुलिया तेच म्हणाली ना. बिचारी सासूपायी अडकलीय, देऊ या महिनाभर सवलत. सगळ्या लागल्या माना डोलवायला. मग मी उठले. म्हटलं, कीव आज येते, उद्या ओसरते. ही घरात बसून काय करते ते विचारा आधी.

एर्मितास : काय करते?

दोसिंदा : अगं, ओबदुलिया चिखलात उतरते तेव्हा तिचा म्हातारा बाप कुठे असतो? तुझ्या या खुर्चीत. आणि संघातल्या पुरीचा लकवा झालेला नवरा? त्या खुर्चीत. ही घरी थांबते म्हणून तुमच्या टोपल्या भरतात, म्हटलं. फुकट ते पौष्टिक, असं चाललंय तुमचं.

एर्मितास : मी कधी काही मागितलं का? शेजारधर्म होता तो.

दोसिंदा : शेजारधर्मानं तुझी चूल पेटते का? तर आता असं ठरलंय. जी सगळ्यांची माणसं सांभाळेल, तिचा तो दिवस किनाऱ्यावरचाच धरायचा. वाटाही सगळ्यांइतकाच. आणि हे पाळीपाळीनं. उद्या इथे पुरी बसेल, तू उतरायचंस.

एर्मितास : उद्या? अगं, फावडं गंजलंय माझं. बूट कुठे टाकलेत देव जाणे. किती वाजता आहे ओहोटी?

दोसिंदा : साडेसातला. रडतेस काय, वेडे?

एर्मितास : रडत नाहीये. खरं सांग, एवढी भांडलीस ती माझ्यासाठी?

दोसिंदा : निम्मी तुझ्यासाठी.

एर्मितास : आणि निम्मी?

दोसिंदा : काल माझ्या आईनं मला ओळखलं नाही. तू कुणाची गं पोरी, म्हणाली. आता तिला एकटीला घरात ठेवून मी कशी उतरू?

एर्मितास : मग हे बैठकीत का नाही बोललीस?

दोसिंदा : स्वतःसाठी मागायला जीभ रेटेना. तुझं नाव घेतलं आणि सुटली.

एर्मितास : सोमवारी इथे बसायची पाळी मी घेते. आईला सकाळीच घेऊन ये. आणि उपकार समजू नकोस, माझा दिवस मी हजेरीत लावून घेणार आहे.