तिची स्वतःची वाक्यं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आत्ताच प्राचार्य माझ्याविषयी म्हणाले, सरांच्या नजरेतून उसनं वाक्य कधी सुटलं नाही. आपण टाळ्याही वाजवल्यात. पण खरं सांगू? त्या कानाला गोड लागल्या नाहीत. निरोपाच्या दिवशी माणसानं बरं बोलावं, हे कळतं मला; तरी ऐकून घ्या.

मुलं दुसऱ्याचं लिखाण का उचलतात? आळस, पदवीची घाई, सगळं खरंच. पण एका विद्यार्थिनीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. ती रुग्णालयात नर्स होती. ड्यूटी संपवून, सुजल्या पायांनी वर्गात यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. रुग्णांच्या नातेवाइकांवर प्रबंध लिहीत होती. त्यातलं एक अख्खं प्रकरण दुसऱ्याच्या पुस्तकातलं निघालं. चौकशी समितीचा प्रमुख मीच.

मी विचारलं, “इतकी माणसं जवळून पाहिलीत तुम्ही, मग दुसऱ्याचं कशाला उतरवलंत?”

“आधी माझंच लिहिलं होतं, सर. ‘नातेवाईक औषधाकडे बघत नाहीत, नर्सच्या चेहऱ्याकडे बघतात.’ अशा प्रत्येक वाक्यावर मार्गदर्शक मॅडमनी लाल रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘हे कोणी म्हटलंय?’ आता मीच म्हटलंय, असं कसं लिहिणार? मग ज्यांनी म्हटलंय, त्यांचंच घेतलं. त्यावर मॅडमनी ‘उत्तम’ लिहिलं.”

नियमाप्रमाणे प्रबंध नाकारला गेला. निर्णय चुकला, असं मी आजही म्हणत नाही.

नव्यानं प्रबंध द्यायची तिला मुभा होती. ती फिरकलीच नाही, तेव्हा मी रुग्णालयात गेलो. ती एका आजोबांना सलाईन लावत होती.

म्हटलं, “परत या. ते वाक्य तसंच राहू दे. मार्गदर्शन मी करतो.”

ती कसनुसं हसली. “बसते हो लिहायला, सर. पण आता माझं वाक्यही मलाच चोरीचं वाटतं. कुठंतरी वाचलेलं असणार, असं वाटतं. मग खोडून टाकते.”

आजोबा कण्हले, तशी ती वळली. मी निघून आलो. ती आलीच नाही.

मंडळी, उद्यापासून मी इथं नसेन. तुमच्यापैकी कुणी तिला पुन्हा बोलावून पाहिलंत, तर बरं होईल. मला ते जमलं नाही.

एवढी वर्षं सांभाळून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी विरजण घातलं, बोलण्यात अधिकउणं झालं, तेवढं पोटात घाला. नमस्कार.