बाप्यांशी बोलायचं कोण शिकवणार?

समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर आदिनाथसाहेब, सरपंच पंकजाताई, सत्कारमूर्ती प्रज्ञा सिस्टर, सगळ्या आशाताई आणि जेवणाच्या वासानं मागं येऊन बसलेले समस्त बाप्ये, सर्वांना रंभाजीचा नमस्कार.

मी गुरांच्या दवाखान्यातला रिटायर शिपाई. चौथी शिकलो, पुढचं गुरांनी शिकवलं. मग माणसांच्या नर्सबाईंच्या निरोपाला मी कशाला?

चार वर्षांमागची गोष्ट. ऊसतोडीची एक बाई सिस्टरांकडं यायची. अंगावरून पांढरं जायचं, आग व्हायची. गोळ्यांनी बरी व्हायची, महिन्यानं पुन्हा हजर! नवऱ्यालाही औषध हवं, हे सिस्टर नगरच्या चार दिवसांच्या ट्रेनिंगात शिकल्या होत्या. पण त्याला सांगायचं कसं? ते पान ट्रेनिंगच्या फायलीत नव्हतं. बायकोच्या हाती गोळ्या धाडल्या, तर हा म्हणाला, “तुजा आजार, गोळ्या म्या खाऊ? परत दवाखान्यात गेलीस तर माहेरीच सोडतो.”

सिस्टर माझ्याकडं आल्या. “मामा, बाप्ये तुमच्याशी एवढं कसं बोलतात?”

म्हटलं, “बैलाचं असलं की चारचौघांत सांगतात. सोताचं असलं की मुके!”

मग तीन दिवस आमच्या दवाखान्यात, गुरं अडकवायच्या रिकाम्या खोड्यासमोर उभं राहून सिस्टरांनी ते सगळे शब्द मोठ्यानं म्हणायचा सराव केला. बाळंतपणं शेकड्यानं केलेली बाई, पण ‘लघवीची जागा’ म्हणताना नजर कॅलेंडरवर! मी हसलो, तर मला बाहेर हाकललं.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी त्या बाईचा गडी लंपीच्या लसीला बैल घेऊन आला. सिस्टरांनी त्याला आडोशाला घेतलं. मी वेसण धरून बहिरा झालो.

“बैलाला काय झालं, बाई?”

“बैल ठणठणीत हाय, दाजी. तुमचं सांगा. लघवीला जळजळ व्हती का?”

गडी आभाळाकडं बघत म्हणाला, “व्हय... उन्हाची आसंल.”

“आन् बायकोला पण तेच ऊन लागलं?”

दोघांनी बरोबर औषध घेतलं. बाई माहेरी नाही, नवऱ्याच्या गाडीत बसून ऊसतोडीला गेली. दोघांना विचारूनच हे सांगतोय. नाव सांगणार नाही, उगीच माना वळवू नका!

आता सोमवारपासून त्या खुर्चीत वृषाली सिस्टर. पोरगी हुशार, पण मघाशी मला म्हणाली, “मामा, पुरुष पेशंट आला तर मी डॉक्टरांनाच बोलावणार.” डॉक्टर मीटिंगला गेले असले तर? तो दारातनं परत जाईल, आणि भोगणार त्याची बायको.

साहेब, दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. फायली नकोत. प्रज्ञा सिस्टरांना पंधरा दिवस हिच्याशेजारी बसवा. बोलायला शिकवतील, ऐकलेलं पोटात ठेवायलाही. सिस्टर तयार आहेत, मी विचारलंय. साहेब, नुसते हसू नका, तारीख सांगा... गुरुवार? माइकवर सांगा, मागच्यांना ऐकू द्या... झालं! आता वाजवा टाळ्या.

म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ जिथं घसरली असेल तिथं पदरात घ्या. आणि बाप्येहो, गुरुवारी दोन सिस्टर असतील. बैल घरी ठेवून या.